लाल शिक्का आणि न्यायालय : इलोइलोतलं एक प्रकरण

एका कार्यकर्त्याने लष्करी अधिकाऱ्याविरुद्ध न्यायालयात नेलेलं हे प्रकरण फिलिपिन्समधल्या इलोइलो प्रांतातलं आहे. त्याचा निकाल सार्वजनिक आहे आणि नावंही त्यात आहेत. मी मात्र इथे 'अर्जदार' आणि 'मेजर जनरल' एवढंच म्हणणार आहे. कारण या प्रकरणात माणसांइतकाच एक शब्द महत्त्वाचा आहे : 'रेड-टॅगिंग'. मराठीत त्याला 'लाल शिक्का मारणं' म्हणता येईल, म्हणजे कुणाला तरी कम्युनिस्ट किंवा बंडखोर ठरवून टाकणं. रस्त्यावरच्या माणसाला या शब्दाचा अर्थ कित्येक वर्षं ठाऊक होता. न्यायालयाने तो बहुमताने उच्चारायला 2023 साल उजाडलं.

पार्श्वभूमी

फिलिपिन्सचा आजचा कम्युनिस्ट पक्ष डिसेंबर 1968 मध्ये स्थापन झाला. त्याची सशस्त्र शाखा, न्यू पीपल्स आर्मी, मार्च 1969 मध्ये उभी राहिली आणि तेव्हापासून तिचं सरकारशी युद्ध चालू आहे. हे युद्ध कागदावरचं नाही. त्यात सैनिक, बंडखोर आणि ज्यांचा दोन्हीकडे काही संबंध नाही अशी माणसं मेली आहेत. 2021 मध्ये मास्बाते प्रांतात सुरुंगाच्या स्फोटात नागरिक मारले गेले आणि पक्षाला आपली चूक कबूल करावी लागली. हे आधीच सांगतो, कारण लष्कराची भीती निराधार होती असं मानून हे प्रकरण वाचलं तर ते अर्धंच कळेल.

कम्युनिस्ट असणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा तिथे 1957 मध्ये आला आणि 1992 मध्ये रद्द झाला. म्हणजे शस्त्र उचलणं गुन्हा, पण विचार बाळगणं किंवा पक्षाचा नुसता सदस्य असणं हा त्या कायद्याखालचा गुन्हा राहिला नाही. लाल शिक्क्याचा वापर नेमका या फटीत होतो. ज्याच्यावर न्यायालयात सिद्ध करण्याजोगं काही नाही, त्याच्या अंगावर बंदूकवाल्यांचं लेबल चिकटवायचं. खटला भरायचा नाही, पण लोकांच्या मनात निकाल लावून टाकायचा.

डिसेंबर 2018 मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी आदेश क्रमांक 70 काढून 'स्थानिक कम्युनिस्ट सशस्त्र संघर्ष संपवण्यासाठीचं राष्ट्रीय कृती दल' उभारलं. लष्कर, पोलीस आणि नागरी खाती एका छत्राखाली आली. त्यामुळे लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या फायलीतली नावं नागरी बैठकांमध्ये पोहोचायला वाट मोकळी झाली.

शब्दाचा अर्थ

कम्युनिस्ट असल्याचा आरोप करून माणसाला गप्प करण्याच्या प्रकाराला इंग्रजी राजकीय भाषेत तीन नावं आहेत आणि ती सहसा एकमेकांच्या जागी वापरली जातात. मला ती वेगळी ठेवणं गरजेचं वाटतं.

पहिलं 'रेड-बेटिंग'. ही वादातली युक्ती. समोरच्याने मजुरी वाढवा म्हटलं की मजुरीचा हिशेब बाजूला ठेवून 'हा लाल आहे' म्हणायचं. दुसरं 'मॅकार्थीवाद'. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी फेब्रुवारी 1950 मध्ये पश्चिम व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावात आपल्याकडे परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी असल्याचा दावा केला. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टन पोस्टमधल्या एका व्यंगचित्रात हा शब्द छापून आला. मॅकार्थीवादात चौकशी समित्या होत्या, साक्षी होत्या आणि मुख्य शिक्षा नोकरी जाण्याची होती. डिसेंबर 1954 मध्ये सिनेटने 67 विरुद्ध 22 मतांनी मॅकार्थी यांचा निषेध केला, पण तोवर अनेकांची कारकीर्द संपली होती.

फिलिपिन्सने हा साचा जवळून पाहिला होता. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीच्या धर्तीवर तिथेही 'फिलिपिनोविरोधी कारवायां'ची चौकशी करणारी समिती होती आणि 1961 मध्ये तिने फिलिपिन्स विद्यापीठाच्या प्राध्यापकांना लक्ष्य केलं, तेव्हा विद्यार्थी थेट संसदेवर चालून गेले होते.

तिसरा शब्द 'रेड-टॅगिंग' याच मातीतला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मार्विक लिओनेन यांनी 2015 मधल्या एका प्रकरणात त्याची व्याख्या दिली. तिचा आशय असा : राज्ययंत्रणेने, विशेषतः पोलीस आणि लष्कराने, ज्यांना ती राज्याचे शत्रू समजते अशा व्यक्तींना किंवा संघटनांना डावे, विध्वंसक, कम्युनिस्ट किंवा दहशतवादी असं नाव देणं, आणि हे एक रणनीती म्हणून करणं. पहिल्या दोन शब्दांपेक्षा यात वेगळं काय, तर शिक्का मारणाऱ्याच्या हातात बंदूक आहे. रेड-बेटिंगने माणूस वाद हरतो, मॅकार्थीवादाने नोकरी गमावतो. लाल शिक्क्यानंतर माणूस घरी परतेल की नाही याची खात्री उरत नाही.

ही व्याख्या तेव्हा अल्पमताच्या निकालपत्रात होती. कार्यकर्त्यांचा अर्ज फेटाळला गेला आणि व्याख्या कपाटात राहिली.

मराठीत 'लालबावटा' हा शब्द गिरणगावात अभिमानाने युनियनच्या नावात वापरला गेला, आणि त्याच मराठीत आज 'नक्षलवादी' किंवा 'शहरी नक्षल' हे शब्द किती सहज फेकले जातात हे आपण पाहतो. त्यामुळे शिक्का कसा बसतो हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागू नये. कायदेशीर चौकट मात्र दोन्ही देशांत वेगळी आहे. म्हणून तुलना इथेच थांबवतो.

घटना आणि अडचण

19 जून 2020. इलोइलो प्रांताच्या शांतता व सुव्यवस्था परिषदेची बैठक. अशा परिषदेचे अध्यक्ष गव्हर्नर असतात आणि तीत पोलीस, लष्कर आणि नागरी प्रतिनिधी एकत्र बसतात. मेजर जनरलच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी सादरीकरण केलं आणि त्यात अर्जदाराला कम्युनिस्ट पक्ष व न्यू पीपल्स आर्मीच्या उतरंडीत दाखवलं. अर्जदार म्हणजे एक ज्येष्ठ कार्यकर्ता, पक्ष-यादीतून संसदेत गेलेला माजी खासदार. बैठकीतली गोष्ट स्थानिक माध्यमांतून बाहेर आली.

तारीख लक्षात घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा फिलिपिन्सवरचा अहवाल जूनच्या पहिल्या आठवड्यात आला होता आणि नागरी संघटनांना असलेला धोका म्हणून लाल शिक्क्याचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. त्याच सुमारास नवं दहशतवादविरोधी विधेयक संसदेत मंजूर होऊन राष्ट्राध्यक्षांच्या सहीची वाट पाहत होतं. ती सही 3 जुलैला झाली. म्हणजे ज्या आठवड्यांत 'दहशतवादी' या शब्दाचं कायदेशीर वजन वाढत होतं, त्याच आठवड्यांत हे नाव पडद्यावर झळकलं.

ऑगस्टमध्ये इलोइलो शहरात ठिकठिकाणी फलक लागले. त्यांवर कार्यकर्ते, वकील आणि स्वयंसेवी संस्थांतल्या माणसांचे चेहरे होते, त्यांत अर्जदारही होता. खाली कुणाचं नाव नाही, सही नाही. अनोळखी माणसं आपल्या पाळतीवर असल्याचंही अर्जदाराने पुढे न्यायालयात सांगितलं.

एरवी याला बदनामी म्हणून बाजूला सारता आलं असतं. पण शेजारच्या निग्रोस बेटावर अशाच एका फलकावर चेहरा झळकलेल्या वकिलाची नोव्हेंबर 2018 मध्ये हत्या झाली होती. इलोइलो शहरात टाळेबंदीत गरजूंना अन्न वाटणाऱ्या एका कार्यकर्त्याला 30 एप्रिल 2020 रोजी गोळ्या घातल्या गेल्या. 17 ऑगस्ट 2020 रोजी निग्रोसवरच्याच बॅकोलोड शहरात एका मानवाधिकार कार्यकर्तीचा खून झाला. सरकारने 2018 मध्ये न्यायालयात दिलेल्या, दहशतवादी ठरवायच्या माणसांच्या लांबलचक यादीत तिचं नाव होतं. ते पुढे वगळलं गेलं, पण लोकांच्या नजरेतून पुसलं गेलं नाही.

अर्जदाराची अडचण अशी : त्याला कुणी धमकीचं पत्र पाठवलं नव्हतं, कुणी अंगाला हात लावला नव्हता. त्याच्याकडे होतं ते एक सादरीकरण, काही फलक, पाळत, आणि आधी असंच घडून मेलेल्यांची नावं. एवढ्यावर 'माझ्या जिवाला धोका आहे' हे न्यायालयाला कसं पटवायचं?

समोरचे पर्याय

गप्प बसणं हा पहिला पर्याय. अनेकजण तोच निवडतात आणि त्यांना भित्रं म्हणायची माझी तयारी नाही. पण फलक लागल्यानंतर गप्प बसणं म्हणजे आरोप मान्य करणं असाच अर्थ निघतो.

पोलिसांकडे संरक्षण मागता आलं असतं. पण ज्या परिषदेत नाव घेतलं गेलं, तिथे पोलीसही बसतात.

अब्रुनुकसानीच्या खटल्याला वर्षं लागतात, आणि अधिकारी 'कर्तव्याचा भाग म्हणून सांगितलं' असा बचाव घेतो. शिवाय त्यात झालेली हानी मोजतात, होऊ घातलेला खून थांबवत नाहीत. मानवाधिकार आयोग चौकशी करू शकतो, स्वतः खटला चालवू शकत नाही. लोकपालाकडची तक्रार अधिकाऱ्याच्या शिक्षेपर्यंत जाऊ शकते, पण धोक्यातल्या माणसाला संरक्षण देत नाही.

उरला 'अंपारो'चा अर्ज. मूळ मेक्सिकोतला हा उपाय फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2007 पासून लागू केला, तो कार्यकर्त्यांच्या हत्या आणि बेपत्ता होण्याच्या लाटेमुळे. आपल्याला बंदी प्रत्यक्षीकरण माहीत आहे. त्यात 'माणूस कुठे आहे, हजर करा' असं म्हणता येतं. पण ज्याला अजून उचललेलं नाही, फक्त उचलतील अशी भीती आहे, त्याला तो उपयोगी नाही. अंपारो त्या भीतीसाठी आहे. जीवित, स्वातंत्र्य किंवा सुरक्षिततेचा भंग झाला असेल किंवा तशी धमकी असेल तर तो मागता येतो. शुल्क नाही, कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी दाखल करता येतो, आणि आदेश निघाल्यावर सात दिवसांच्या आत सुनावणी व्हावी असा नियम. 2008 मध्ये लष्कराच्या तावडीतून निसटलेल्या दोन शेतकरी भावांच्या प्रकरणात न्यायालयाने सुरक्षिततेचा हक्क म्हणजे भीतीपासून मुक्ती असं म्हटलं होतं. अर्जदारासाठी हाच धागा सगळ्यात मजबूत होता.

पण वाऱ्याची दिशा उलटी होती. 2015 चा अर्ज फेटाळला गेला होता. 2019 मध्ये तीन संघटनांनी थेट सर्वोच्च न्यायालयात केलेला अंपारोचा अर्ज अपील न्यायालयाकडे गेला आणि तिथे नामंजूर झाला. बॅकोलोडमध्ये मारली गेलेली कार्यकर्ती त्या अर्जातली नियोजित साक्षीदार होती.

काय केलं गेलं

अर्जदाराने ऑक्टोबर 2020 मध्ये इलोइलो शहरातल्या प्रादेशिक न्यायालयात अर्ज केला. हे न्यायालय साधारण आपल्या जिल्हा व सत्र न्यायालयाच्या पातळीचं. फलक कुणी लावले हे माहीत नव्हतं, सादरीकरण कुणाच्या अधिकाऱ्यांनी केलं हे माहीत होतं. म्हणून प्रतिवादी मेजर जनरल. हा निर्णय मला अचूक वाटतो. निनावी फलकांच्या मागे धावला असता तर हाती काहीच लागलं नसतं. साखळीतली एक कडी उघडी होती, त्याने तिलाच हात घातला.

न्यायालयाने त्याच महिन्यात अर्ज फेटाळला. मेजर जनरलला उत्तर द्यायला सांगितलंच नाही, सुनावणी घेतलीच नाही. आरोप अपुरे आहेत, धोका सिद्ध होत नाही, असं कारण दिलं.

सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक इथे झाली असं मला वाटतं. अंपारोत दोन उंबरठे आहेत. पहिला दाराशी : अर्ज वाचून वरकरणी दखल घेण्याजोगं काही दिसतं का? दिसलं तर आदेश काढायचा आणि समोरच्याला बोलवायचं. दुसरा उंबरठा शेवटी : सुनावणीत पुरेसा ठोस पुरावा आला का? खालच्या न्यायालयाने शेवटचा उंबरठा दाराशी आणून ठेवला. पुरावा ज्याच्या कपाटात आहे त्या लष्कराला प्रश्नच विचारला नाही, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, पुरावा आण. लष्कराकडे अर्जदाराविरुद्ध खरोखर काही होतं का, हे कळण्याची संधीही त्यामुळे गेली. सुनावणी झाली असती तर मेजर जनरललाही आपली बाजू मांडता आली असती.

अर्जदारापुढे पुन्हा निवड होती. अंपारोच्या नियमानुसार अपील मधलं न्यायालय वगळून थेट सर्वोच्च न्यायालयात जातं. हरला तर निकाल देशभर लागू होणार आणि लाल शिक्क्याला कायद्याचं कवच मिळाल्यासारखं होणार. तरी तो गेला.

मग वाट पाहणं सुरू झालं. मार्च 2021 मध्ये इलोइलोतच, लाल शिक्का बसलेल्या एका तरुण मानवाधिकार वकिलावर रस्त्यात स्क्रू ड्रायव्हरने वार झाले. तो वाचला. त्याच महिन्यात सिनेटर फ्रँकलिन ड्रिलन यांनी लाल शिक्का मारणं गुन्हा ठरवून 10 वर्षांची कैद सुचवणारं विधेयक आणलं. त्याचा कायदा झाला नाही. कृती दलातले अधिकारी म्हणत राहिले की असा काही प्रकारच नाही, आम्ही फक्त खरं ते सांगतो. सप्टेंबर 2022 मध्ये मनिलाच्या एका न्यायाधीशांनी कम्युनिस्ट पक्षाला दहशतवादी संघटना जाहीर करण्याची सरकारची मागणी फेटाळली, तेव्हा कृती दलाच्या एका माजी प्रवक्त्यांनी थेट त्या न्यायाधीशांवरच लाल शिक्का मारला. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल 30,000 पेसोंचा दंड केला. शिक्क्याची झळ न्यायासनापर्यंत पोहोचली होती.

निकाल

4 जुलै 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अर्जदाराच्या बाजूने निर्णय दिला. निकालपत्र न्यायमूर्ती रोदिल झालामेदा यांनी लिहिलं. लाल शिक्का मारणं, बदनाम करणं, लेबल लावणं आणि संबंधावरून दोषी ठरवणं यांनी माणसाच्या जीविताला, स्वातंत्र्याला किंवा सुरक्षिततेला धोका निर्माण होतो आणि त्यावरून अंपारोचा आदेश काढता येतो, असं न्यायालयाने म्हटलं. 2015 मध्ये अल्पमतात पडलेली व्याख्या या वेळी बहुमताने उचलली. शिक्का बसलेला माणूस टोळ्यांचं, निमलष्करी गटांचं किंवा राज्ययंत्रणेतल्याच कुणाचं लक्ष्य होऊ शकतो हे मान्य केलं. आपलं अपहरण किंवा मृत्यू होईपर्यंत थांबून मग न्यायालयात यावं अशी अपेक्षा अर्जदाराकडून करता येणार नाही, हेही स्पष्ट केलं.

न्यायालयापुढे तीन वाटा होत्या. खालचा आदेश कायम ठेवणं, स्वतःच सगळं संरक्षण देऊन टाकणं, किंवा आदेश काढून सुनावणीसाठी प्रकरण परत पाठवणं. त्याने तिसरी निवडली. मला ती योग्य वाटते. लष्कराचं म्हणणं अजून कुणी ऐकलंच नव्हतं, आणि न ऐकता फेटाळणं चूक असेल तर न ऐकता मंजूर करणंही चूकच.

निकाल लोकांसमोर आला तो मे 2024 मध्ये. पुढे डिसेंबर 2024 मध्ये केसोन शहरातल्या न्यायालयाने एका पत्रकारावर लाल शिक्का मारणाऱ्या दोन वाहिनी-सूत्रसंचालकांना वीस लाख पेसोंहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं. ती वाट अंपारोची नव्हती, दिवाणी दाव्याची होती. शब्दाला न्यायालयात ओळख मिळाली की तो हातात घेऊन वेगवेगळ्या दारांवर धडका मारता येतात, असं मला यात दिसतं. ही ओळख मिळण्याआधी अर्जदार 'माझं नाव एका सादरीकरणात आलं' असं सांगत होता, आणि ऐकणाऱ्याला ते किरकोळ वाटत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सात दिवसांत सुनावणी व्हावी म्हणून बनवलेल्या उपायात, सुनावणी व्हायला हवी एवढं ठरायला सुमारे पावणेतीन वर्षं लागली, आणि ते ठरल्याचं जगाला कळायला आणखी दहा महिने. या काळात अर्जदार जिवंत राहिला. याचं श्रेय कुठल्याही न्यायालयाला देता येत नाही. अपील दाखल झाल्याबरोबर तात्पुरत्या संरक्षणाचा प्रश्न वेगळा काढून काही आठवड्यांत निकाली काढणं शक्य होतं. अंपारोच्या नियमांत तात्पुरत्या संरक्षणाची तरतूद आहेच.

इलोइलोच्या न्यायालयाने सुनावणी घेतली असती तर हे सगळं 2020 मध्येच स्थानिक पातळीवर मिटलं असतं, कदाचित अर्जदाराच्या विरोधातही गेलं असतं. पण मग देशाला हा निकाल मिळाला नसता, असं काहीजण म्हणतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. चार वर्षांची भीती ही कायद्याच्या प्रगतीची वाजवी किंमत आहे असं तिची झळ न लागलेलाच माणूस म्हणू शकतो.

अर्जदाराच्या बाजूने पाहिलं तर जून ते ऑक्टोबर हे चार महिने खटकतात. बैठकीनंतर लगेच अर्ज केला असता तर फलक लागण्याआधी प्रकरण न्यायालयात असतं. पण मग हाती फक्त सादरीकरण असतं, आणि ज्या न्यायालयाला फलकांसह आलेला अर्ज अपुरा वाटला त्याला तो आणखी अपुरा वाटला असता. इथे बरोबर उत्तर कोणतं हे मला ठरवता येत नाही.

आणि पहिला निर्णयबिंदू 19 जूनच्या त्या बैठकीतच होता. नागरी परिषदेत लष्कराने परिस्थितीची माहिती द्यावी, हल्ल्यांची द्यावी, हालचालींची द्यावी. पण जिवंत माणसाचं नाव पडद्यावर आणायचं असेल तर त्याच्यावर दाखल असलेल्या खटल्याचा क्रमांक सोबत हवा, आणि तो नसेल तर नाव काढून टाकावं, एवढा नियम परिषदेच्या अध्यक्षांना स्वतःच्या अधिकारात करता आला असता.